मदत हवी आहे: १५ इंची स्पीकरच्या जोडीला ४x१० (चार १० इंची स्पीकरचं कॅबिनेट) चालेल का?

नमस्कार मंडळी, सोलापुरात ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. अँप (अँप्लिफायर) सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवालं आहे, ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) ५०० वॅट आणि ८ ओहमला साधारण ३०० देतं. सोबत ८ ओहमचं, एका १५ इंची स्पीकरचं कॅबिनेट.

हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहात एवढं पुरतं. पण उघड्या मैदानावर ढोलकी आणि की-बोर्ड रंगात आले की खालची ई तार नुसती घुमते, सूर उमटत नाही. आवाज वाढवला तर घुमणंच वाढतं.

दुसरं कॅबिनेट ८ ओहमचंच घेणार, म्हणजे समांतर जोडून ४ ओहम होतील. ४ ओहमचं जोडलं तर लोड ३ च्याही खाली जाईल, ते या अँपला झेपणार नाही. इथपर्यंत पक्कं आहे.

अडलंय पुढे. पुण्याहून जुनं ४x१० मिळतंय. दोन्हींत वॅट निम्मे वाटले गेले, तर एकट्या १५ इंचीवर निम्मा भार आणि प्रत्येक १० इंचीवर जेमतेम आठवा हिस्सा. मग १५ इंची आधी फाटेल का? की तसंच दुसरं १५ इंची घेऊन अँपवर मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवणं बरं? मला स्पष्ट सूर हवाय, नुसता दणका नको. मैदानावर अशी जोडी वाजवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.