क्लब हाऊसची रेकॉर्ड पुन्हा अडकते आहे

मावशी, सी-१०३: रेकॉर्ड प्लेअरच्या हेडशेलवर, म्हणजे त्याच्या हाताच्या पिनकडच्या टोकावर, सेलोटेप लावून रुपयाचं नाणं कुणी चिकटवलंय? माझ्या नाट्यसंगीताच्या तीन एलपी तिथे आहेत. ग्रुपच्या भरवशावर दिल्या होत्या.

नाना, बी-२०४: पिन संपली असेल. पिन बदला.

सेक्रेटरी: मावशी, नाणं मी ठेवलं. शनिवारी चाळीस माणसं बसली होती, रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकत होती. कार्यक्रम तर पार पडला 🙏

अप्पा, ए-४०२: पार पडला, पण खाचा कुरतडून. रुपया कुठलाही घ्या, तीन ग्रॅमच्या वरच भरतो. आपलं कार्ट्रिज, म्हणजे पिन बसते ती डबी, व्हीएम९५ई आहे. त्याला पिनवर वजन लागतं १.८ ते २.२ ग्रॅम. त्यात हे तीन आणखी टाकले की पिनची दांडी वर दबते आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकायला येतं. शिवाय पुढच्या टोकावर बोजा वाढला की हाताची नैसर्गिक कंपनं खाली सरकतात. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये राहायला हवीत. त्याच्या खाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डच्या लाटांवर हात स्वतःच डोलायला लागतो. आधी नाणं काढा.

मावशी, सी-१०३: काढलं. टेपचा डिंक राहिलाय.

केदार, डी-५०१: मावशी, डिंक पुसताना हेडशेल हातापासून सोडवून घ्या, पिनजवळ कापड नेऊ नका. आणि एक सांगा, रेकॉर्ड तीच ओळ पुन्हा म्हणते की पुढे उडी मारते?

मावशी, सी-१०३: तीच ओळ पुन्हा.

केदार, डी-५०१: म्हणजे हात बाहेरच्या बाजूला ओढला जातोय. आत उडी मारली असती तर अँटीस्केट, म्हणजे हाताला बाहेर ओढणारा ताण, कमी असल्याचा संशय घेतला असता. इथे ते जास्त असेल, किंवा वजन कमी असेल, किंवा खाचेत घाण असेल. तीनही बघू.

नाना, बी-२०४: मी म्हणतोय ना, पिन बदला.

शिल्पा, ए-१०१: रेकॉर्डचं होईल सावकाश. बेसमेंटमध्ये एमएच-१२ ची पांढरी गाडी माझ्या जागेवर परत लागलीये.

सेक्रेटरी: ताई, पार्किंगचं पार्किंग ग्रुपवर.

शिल्पा, ए-१०१: तिथे तुम्ही उत्तर देत नाही म्हणून इथे विचारलं.

अप्पा, ए-४०२: केदार, खाली जातोयस तर सोनाराचा छोटा काटा ने, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. बहुतेक काट्यांची ताटली लोखंडी असते, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला खेचतं आणि आकडा खोटा येतो. वर प्लास्टिकची पट्टी ठेवून शून्य कर. आणि पिन टेकेल ती जागा रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, वर ठेवून मोजलंस तर आकडा थोडा बदलतो.

केदार, डी-५०१: पोचलो. काउंटरवेटच्या, म्हणजे हाताच्या मागच्या वजनाच्या, चकतीवर २ दिसतंय. काटा दाखवतो १.२. अँटीस्केट मात्र ३ वर.

अप्पा, ए-४०२: सापडलं. पुसताना कुणाच्या तरी हातून पुढची आकड्यांची चकती फिरली असणार. ती वजनाशिवाय नुसतीही फिरते, त्यामुळे आकडा बदलतो आणि वजन तिथेच राहतं.

सेक्रेटरी: पुसायला बाई येतात, त्यांना सांगतो.

मावशी, सी-१०३: दर वेळी बाईंवर ढकलू नका. गेल्या महिन्यात तिथे मुलांचं डीजे चाललं होतं.

अप्पा, ए-४०२: कोण ते नंतर. केदार, पहिल्यापासून लाव. गवंड्याची छोटी पाणसळ प्लॅटरवर, रेकॉर्ड फिरते त्या थाळीवर, ठेवून दोन्ही दिशा बघ, प्लेअरचे पाय फिरवून सरळ कर. अँटीस्केट शून्य. पिनचं झाकण काढ आणि काउंटरवेट फिरवत हात हवेत आडवा तरंगेल असं कर. इथे घाई नको, हात थोडाही वर किंवा खाली झुकता कामा नये. वजन न हलवता चकती ० वर आण, मग वजन आणि चकती एकत्र फिरवून २. काट्यावर पुन्हा बघ. अँटीस्केट १.५ पासून सुरू कर.

नाना, बी-२०४: एवढ्या उठाठेवीपेक्षा नवी पिन स्वस्त पडते. पिन बदला.

केदार, डी-५०१: नाना, वहीत या पिनचे ६० तास झालेत. लंबगोल टोकाची पिन साधारण ३०० तास चालते. तरी भिंगातून बघितली. टोकावर केसाळ धुळीचा गोळा होता, मऊ ब्रशने मागून पुढे काढला. पुढून मागे कधी ओढू नका, दांडी वाकते.

केदार, डी-५०१: काट्यावर २.०१. तीच रेकॉर्ड, तीच जागा, न अडकता गेली.

सेक्रेटरी: वा! मग शनिवार पक्का.

मावशी, सी-१०३: थांबा. मी खाली आले आहे. शेवटच्या पदात ‘स’ आणि ‘श’ फाटतात. सुरुवातीला स्वच्छ आहे.

अप्पा, ए-४०२: एका बाजूला की दोन्हीकडे? फक्त उजवीकडे असेल तर अँटीस्केट कमी पडतंय, कारण पिन आतल्या भिंतीला रेलते आणि उजव्या आवाजाची बाहेरची भिंत सुटते.

मावशी, सी-१०३: दोन्हीकडे.

अप्पा, ए-४०२: मग कार्ट्रिजची जागा चुकली आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर जेमतेम २१. तेवढ्यात तोच ‘स’ कोंबलेला असतो, म्हणून कोनातली चूक तिथेच उघडी पडते. आपला हात टेक्निक्स १२०० चा आहे. हेडशेल काढ, मागच्या रबरी वॉशरपासून पिनच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर हवेत.

केदार, डी-५०१: साडेपन्नास भरतात.

अप्पा, ए-४०२: दीड मिलिमीटर पुढे घे. आधी झाकण लाव, मगच स्क्रू सैल कर. या कार्ट्रिजला आटे आतच आहेत, नट शोधत बसू नकोस. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळ, कार्ट्रिजच्या कडा हेडशेलला समांतर ठेवून. आणि कार्ट्रिजची जागा ठरवायचा ६६ व १२०.९ मिलिमीटरच्या बिंदूंचा छापील कागद मिळतो, तो इथे मिसळू नकोस. ती मांडणीही बरोबर आहे, पण वेगळी आहे. दोन्हींच्या मध्ये ठेवलं तर कुठलीच जमत नाही. कार्ट्रिज सरकलं म्हणजे वजन बदललं, काटा पुन्हा.

सेक्रेटरी: शनिवारी आमच्या मातोश्रींची ७८ फेऱ्यांची एक तबकडी लावता येईल का?

अप्पा, ए-४०२: या पिनने नाही. हिचं टोक ०.३ × ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घरंगळत राहील. याच कार्ट्रिजला बसणारी ३ मिलची पिन वेगळी मिळते. आणि ती तबकडी लाखेची असेल तर स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.

नाना, बी-२०४: म्हणजे पिन बदलायचीच आहे.

केदार, डी-५०१: ७८ साठी, नाना. एलपीची हीच राहील. ५२ वर आणलं, वजन किंचित वाढलं होतं, पुन्हा २ केलं. मावशी, ऐका.

मावशी, सी-१०३: ‘स’ आता बराच निवळला. शेवटच्या दोन मिनिटांत किंचित फाटतो अजून.

अप्पा, ए-४०२: ती रेकॉर्ड आधी जुन्या पिनने झिजली असेल. दुसरी एखादी कोरी एलपी लावून बघा. तिथे नाही फाटला तर हाताला दोष नाही.

मावशी, सी-१०३: कोरी लावली. स्वच्छ आहे. माझ्या तिन्ही एलपी मी वर घेऊन जाते आहे. वजन किती ठेवलंय ते प्लेअरच्या डब्यावर चिकटवा, मग परत आणते.

शिल्पा, ए-१०१: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.