नवा जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काळी राहिली तर
दोन मिनिटांत डिस्प्ले आला नाही तर मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) खराब समजून दुकानात परत न्यावा, असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. निदान डीडीआर५ प्रकारची रॅम (मेमरी) असेल तर इतकी घाई नकोच. एएमडीचे प्रोसेसर बसतात त्या एएम५ सॉकेटच्या बोर्डला पहिल्यांदा करंट दिला की तो आधी रॅमशी जुळवून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी ठार असते. मी रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक लावल्या तेव्हा पंखे फिरत होते, बोर्डच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक पिवळा दिवा पेटलेला, बाकी काही नाही. घाबरून तीनदा बंद केलं आणि दर वेळी ते ट्रेनिंग अर्धवट तुटलं. चौथ्यांदा हात न लावता बसून राहिलो. दिवा विझला आणि बायोसचं (बोर्डच्या सेटिंगचं) पान समोर आलं, तो आनंद अजून आठवतो.

दहा-पंधरा मिनिटं थांबूनही काही झालं नाही तर मात्र स्टिक काढून पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. स्टिक दोनच आणि स्लॉट चार असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आणि डिस्प्ले आल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायला विसरू नका. त्याशिवाय ६००० वेगाची रॅम साधारण ४८०० च्या वेगावरच चालत राहते, मोजलेले पैसे फुकट.