मदत हवी आहे: फुप्फुस प्रत्यारोपणानंतर बाबांना आणि नातवाला एका घरात कसं सांभाळायचं?

नमस्कार. बाबांच्या दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण होऊन ७ महिने झाले. ऑक्सिजन सुटला, जिना चढतात. मला अजून खरं वाटत नाही.

टॅक्रोलिमस (शरीराने नवी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दर १२ तासांनी, त्याला गजर लावलाय. रक्तातल्या या औषधाच्या लेव्हलची तपासणी असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. हे एकदा चुकलं, म्हणून आता आदल्या रात्रीच डबीवर चिठ्ठी चिकटवते. रोज सकाळी स्पायरोमीटरमध्ये फुंकून एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा) वहीत लिहितात. आकडा १०% घसरला तर लगेच कळवा, असं टीमने बजावलंय. पण औषधाने हात थरथरतो, लिहिलेलं लागत नाही, आणि मी लिहिते म्हटलं की वही ओढून घेतात.

खरी अडचण माझ्या मुलाची. ६ वर्षांचा आहे, शाळेतून सारखी सर्दी घेऊन येतो. मग वेगळी खोली, मास्क, हात धुणं, सगळं करतो. परवा तो बंद दाराबाहेर बसून आजोबांना गोष्ट वाचून दाखवत होता आणि बाबा आतून हुंकार देत होते. पाहवेना हो.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी हे कसं जमवलं? सर्दी गेल्यावर किती दिवसांनी जवळ जाऊ देता? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण रोजचा अनुभव हवाय. आणि बुरशीच्या भीतीने बागेतली माती उकरणंही बंद झालंय. त्यांचा जीव दुसऱ्या कशात रमेल, तेही सुचवा.