डोस लांबला म्हणून पुन्हा पहिल्यापासून नको

हिपॅटायटिस बी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) लशीचा दुसरा डोस चार महिने लांबला, आता पहिल्यापासून सुरुवात करावी का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. वेळापत्रक ०, १ आणि ६ महिन्यांचं असलं तरी घेतलेला डोस वाया जात नाही. राहिलेला लगेच घ्या, तिसरा त्यानंतर किमान ८ आठवड्यांनी.

बाळाचा पहिला डोस मात्र लांबवू नका, हे कळकळीने सांगते. तो जन्मानंतर २४ तासांच्या आत हवा. आई बाधित असेल तर १२ तासांतच: एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). नवजात बाळाला लागण झाली, तर दहापैकी नऊ वेळा ती कायमची राहते.

आणि रेझर, नेलकटर प्रत्येकाचं वेगळं ठेवा. त्यांवर लागलेल्या रक्तातून हा विषाणू पसरू शकतो, आणि तो शरीराबाहेरही किमान ७ दिवस तग धरतो.