फ्री रॅडिकल मारले की म्हातारपण लांबतं का?

रावेरकर:
वडिलांना कोणीतरी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल सुरू करून दिल्यात, म्हणे पेशीतला खराब ऑक्सिजन मारला की वय वाढत नाही. महागड्या आहेत आणि ते एक दिवस चुकवत नाहीत. यात खरं किती, बायो शिकलेलं कोणी असेल तर नीट सांगा ना भो.

धुळ्याची ताई:
दादा, कल्पना जुनी आहे, डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मधे मांडली. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरून एनर्जी बनवतात, तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन मधेच निसटून ऑक्सिजनला चिकटतात, झाला सुपरऑक्साइड, म्हणजे एक फ्री रॅडिकल, आणि त्यातून पुढे जे रेणू बनतात ते डीएनए, प्रोटीन सगळ्याची नासधूस करू शकतात. पण शरीराकडे त्यावर एन्झाइम आहेत, एक सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, दुसरं त्याचं पाणी आणि ऑक्सिजन.

कपाशीवाला चोपडा:
कपाशीच्या ओळींत पॅराक्वाट हे तणनाशक मारलं की कडक उन्हात गवत दिवसभरात करपून तपकिरी पडतं ना, ते याच सुपरऑक्साइडने. पण २०१० मधे सी. एलेगन्स नावाच्या बारीक जंतांना पॅराक्वाटचाच अगदी कमी डोस दिला तर ते उलट जास्त जगले! (घरी कोणी काही करू नका रे, पॅराक्वाटवर उतारा नाही, माणूस जातो.)

धुळ्याची ताई:
बरोबर, सुपरऑक्साइड थोडं असलं तर पेशीला तो इशारा असतो, ती स्वतःची दुरुस्ती वाढवते. पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला हेच वापरतात. २००९ चा एक अभ्यास आहे, व्यायाम करणाऱ्यांना व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या दिल्या तर व्यायामाने शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागतं तो फायदा झालाच नाही. म्हणून सगळंच मारून टाकायच्या मी पूर्ण विरोधात आहे. वडील बिडी-सिगारेट ओढतात का? फिनलंडमधे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) दिलं, १९९४ मधे रिझल्ट आला तर फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त.

रावेरकर:
ओढतात ताई, रोज. आणि डबीवर बीटा कॅरोटीन लिहिलेलं आहे. आजच बंद करायला सांगतो.

धुळ्याची ताई:
हो, आणि डबी घेऊन डॉक्टरकडे जा, अजून काय काय आहे त्यात ते बघतील. गाजर, मेथी खुशाल खाऊ द्या, त्रास गोळीतल्या डोसचा होता. बिडीचं पण तिथेच बोलून घ्या.