मदत हवी आहे: जँगो ३.२ वर आल्यावर अहवालांचा क्रम बिघडला

नमस्कार. आमच्या ग्रंथालयाची प्रणाली जँगो (पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क) २.२ वरून ३.२ वर नेल्यापासून शाखा व महिन्यानुसार पुस्तकांची देवघेव मोजणाऱ्या अहवालातील महिने उलटसुलट येत आहेत. त्रुटीचा संदेश मात्र कुठेच दिसत नाही, आणि हेच अधिक त्रासदायक आहे. शोधल्यावर कळले की ३.१ पासून मॉडेलच्या (डेटाबेसमधील तक्त्याच्या वर्णनाच्या) मेटामधील ऑर्डरिंग, म्हणजे तिथे ठरवलेला मूळ क्रम, ग्रुप बाय (नोंदींचे गट करून मोजणी) असलेल्या क्वेरींना (डेटाबेसला केलेल्या विचारणांना) लागू होत नाही. त्या एका क्वेरीला ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) स्वतंत्रपणे जोडताच क्रम सुधारला. परंतु अशा अनेक क्वेरी विखुरलेल्या आहेत. अशा क्वेरी चालल्या की २.२ या बदलाचा इशारा देते; म्हणून २.२ वर परत जाऊन इशारे चालू ठेवून चाचण्या चालवाव्यात, तर निम्म्या अहवालांना चाचण्याच नाहीत (चूक आमचीच). प्रत्येक ॲनोटेट (क्वेरीत मोजणी जोडणारी जँगोची पद्धत) हाताने न तपासता बाधित क्वेरी शोधण्याची खात्रीशीर पद्धत कोणी वापरली आहे का?