रिबाँडिंग सोडून मूळच्या कुरळ्या केसांवर येतेय, आत्ताच कापू की भावाचं लग्न होईपर्यंत थांबू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं आहे त्यामुळे तिथे विचारून उपयोग नाही, आणि हा अनुभव घेतलेलं कुणी माझ्या ओळखीत नाही.

माझे केस जन्मतः कुरळे, आईसारखेच, बोटाला गुंडाळावी तशी एकेक बट. शाळेत 'झिपरी' म्हणायचे. आई रोज सकाळी खोबरेल थापून, ओढून ओढून दोन वेण्या घालायची, डोळ्यांतून पाणी यायचं. २०१३ ला माझा साखरपुडा ठरला तेव्हा पहिल्यांदा रिबाँडिंग केलं, म्हणजे पार्लरमध्ये रसायन लावून केस कायमचे सरळ करून घेतले, साडेपाच तास खुर्चीत बसले होते, आणि मग दर वर्षी वाढलेल्या मुळांचं टचअप. मागच्या टचअपला कानामागे भाजलं, टाळूवर खपल्या धरल्या, आठवडाभर उशीला डोकं टेकवत नव्हतं. पार्लरवाली म्हणाली तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं आणि एकदम स्किन कशी काय सेन्सिटिव्ह झाली? तेव्हाच ठरवलं की बस झालं. त्याला आता १४ महिने झाले.

सध्याची अवस्था सांगते. मुळापासून आलेला कुरळा केस ओढून मोजला तर साधारण १६ सेंमी भरतो, सोडला की आक्रसून ९ वर येतो. त्याखाली पाठीपर्यंत सरळ, निर्जीव केस. खरा त्रास जिथे हे दोन्ही जुळतात तिथे आहे. परवा न्हाल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने अगदी हळू गुंता काढत होते तरी कंगव्यात सतरा-अठरा केस आले, त्यातले बरेचसे मुळासकट नव्हते, बरोबर त्या जोडावर तुटलेले, वरच्या टोकाला जेमतेम एक वळण आणि खाली काडीसारखा सरळ केस. त्यात आमच्याकडे पिंपरीला आठवड्यातून तीनदा टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, क्षार इतके की नळाच्या तोंडाशी पांढरं पुटं चढतं, तेच केसांवर बसत असणार.

वाचून वाचून इतकं कळलंय की रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाने केसातले बंध तोडतात, इस्त्री फिरवून केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध त्याच सरळ आकारात परत पक्के करतात. म्हणजे जेवढा केस सरळ झाला तो कायमचा तसाच राहणार, तेल लावा, जवसाची जेल लावा, त्याचा मूळचा कुरळेपणा काही परत येत नाही. तो वाढवत न्यायचा आणि कापून टाकायचा, एवढाच मार्ग.

यूट्यूबवर या विषयावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात मनापासून बोलणाऱ्या बायका आहेत त्या आफ्रिकन-अमेरिकन. एकेकीने पंधरा-वीस वर्षं रिलॅक्सर (केस सरळ करणारं त्यांच्याकडचं रसायन) लावून मग सोडलेला. कुणी एका दिवसात सगळे सरळ केस कापले, त्याला त्या बिग चॉप म्हणतात, कुणी दोन दोन वर्षं ट्रान्झिशन करत थोडे थोडे छाटत गेल्या. एक बाई पहिल्यांदा स्वतःच्या केसांना हात लावून रडायला लागली, तिच्याबरोबर मीही रडले. पण त्यांचा रिलॅक्सर बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीचा, आपलं रिबाँडिंग थायोग्लायकोलेटचं, आणि केसांचा पोतही वेगळा. त्या दर आठवड्याला डीप कंडिशनिंग आणि मधूनमधून प्रोटीन ट्रीटमेंट सांगतात, ते आपल्या केसांना तसंच चालतं का? मी एकदा घरी अंडं लावून बघितलं तर केस आणखी कडक झाल्यासारखे वाटले.

आता घाई कशाची, तर मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे, मी करवली. सासूबाई प्रेमानेच म्हणतात, "अगं एवढ्यापुरतं केराटिन करून घे, फोटो जन्मभर राहतात." मला त्यांचं मन मोडवत नाही, पण केराटिन म्हणजे केस काही महिन्यांपुरते सुळसुळीत करायची पार्लरमधली ट्रीटमेंट, त्यासाठीही कडक तापलेली इस्त्री फिरवतात, त्यात नवीन आलेल्या केसांची वळणंच ढिली पडली तर हे १४ महिने पाण्यात. शिवाय त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्ट्समधून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, आणि माझी टाळू आत्ता कुठे बरी झालीय. त्यामुळे ते नक्की करणार नाही. पण मग अंबाड्यात दोन तऱ्हेचे केस कसे लपवायचे? रात्री ओल्या केसांच्या बारीक वेण्या घालून सकाळी सोडल्या तर खालचे सरळ केसही नागमोडी होऊन वरच्यांत मिसळतात असं वाचलं, मेच्या घामात ते मांडवात टिकेल का?

अपडेट: पटापट लिहिणाऱ्या सगळ्यांचे खूप आभार. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यायचं आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू, हे कालच सुरू केलं. गुंता कोरड्यात न काढता भरपूर कंडिशनर लावून बोटांनी काढायचा हेही केलं, कालच्या न्हाण्यात तुटलेले केस मोजले, सहा.

आणि एकीने सुचवलं तसं मानेजवळची आतली एक बट जोडावर कापून बघितली. खालचा सरळ केस ओट्यावर पडला आणि उरलेली बट वर उडून अशी काही गोल झाली की मी कात्री खाली ठेवून पाच मिनिटं नुसती तिच्यात बोट घालून उभी होते. लेक शेजारी होती, सात वर्षांची, तिचेही केस असेच आहेत. म्हणाली, "आई, ही माझी बट आहे."

त्यामुळे लग्नाआधीच कापायचं ठरलं, सासूबाईंशी आज संध्याकाळी बोलणार आहे. आता एकच शंका: केस ओले असताना जोड अगदी स्पष्ट दिसतो पण सुकल्यावर किती आक्रसतील ते कळत नाही, आणि कोरड्यात कापले तर लांबीचा अंदाज येतो पण काही सरळ टोकं राहून जातात. ज्यांनी कापलेत त्यांनी ओले कापले की कोरडे? आणि पुण्यात किंवा चिंचवडच्या बाजूला कुरळे केस कापता येणारं, 'एकदा स्ट्रेट करून बघा ना' न म्हणणारं कुणी माहीत असेल तर प्लीज माझ्या विपुत (विचारपुशीत) लिहा.